हातावरचं दही

माझी आई शेजारच्या बायकांना सांगते की माझा मुलगा जवाच्या कंपनीत साहेब आहे. जवाचं काय करतात, असं कुणी विचारलं तर म्हणते, सत्त्व काढतात. पुढं विचारायची कुणाची टाप नाही. 'बिअर' हा शब्द आमच्या घरात येत नाही, तो चपलांसोबत बाहेरच राहतो.

साहेब म्हणावं तर तेही अर्धंच खरं. मी बिअर बनवतो, कबूल. पण बिअर बनवण्यात माझं काम ते किती? मोड आणलेला जव भरडायचा, गरम पाण्यात शिजवायचा, गाळायचा, थोडी कडू फुलं टाकून उकळायचा, थंड करून टाकीत भरायचा आणि यीस्ट सोडायचं. पुढचं सगळं यीस्ट करतं. मग मी काय करतो? मी धुतो. टाकी भरायच्या आधी धुतो, रिकामी झाली की धुतो, नळ्या धुतो, नळ्या ज्या बादल्यांत बुडवायच्या त्या बादल्या धुतो, आणि बादल्या घासायचे ब्रशही धुतो. केदारखेड्याजवळच्या एका खेड्यातून निघून, सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून, जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत मी दिवसभर भांडी घासतो. ह्यालाच इंग्रजीत ब्रूअर म्हणतात.

ही सवय अंगात अशी मुरली की घरीदारी माझी चेष्टा होते. मी कोपरापर्यंत हात धुतो. लग्नाच्या पंगतीत वाढप्याची नखं बघतो. एकदा चुलतभावाच्या लग्नात मी आचाऱ्याला त्याची पळी उलटी करून दाखवायला लावली. माझ्या थोरल्या काकांनी सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं सांगितलं, "ह्याला ताट नका देऊ रे, बेसिन द्या." लोक हसले. मला राग आला. राग माझ्या नाकावरच असतो, तो यायला फार लांबून यावं लागत नाही.

तर आता दह्याबद्दल.

दह्यात जे जंतू असतात ते घरात देवमाणसं आहेत. दूध विरजतात, पोट थंड ठेवतात. पण तेच जंतू बिअरच्या टाकीत गेले की आठवड्याभरात सगळ्या टाकीचं ताक करतात. कडू फुलं जास्त घातली तर ते दबून राहतात, पण आम्ही उन्हाळ्यात खपणारी, गव्हाची, कमी कडू बिअर करत होतो. म्हणजे दह्याच्या जंतूंना आम्ही गादी टाकून, उशी देऊन बसवलेलं. बोटभर दही एका टाकीला पुरतं.

आणि आमच्या घरात दही हातावर घालतात. कुणी महत्त्वाच्या कामाला निघालं की आई दारात उभी राहते, उजव्या तळहातावर दही घालते, वर साखरेची चिमूट. ते चाटायचं आणि मागं न बघता निघायचं. दहावीला दही, बारावीला दही, एम.एस्सी.च्या प्रत्येक पेपराला दही. ह्या नोकरीच्या मुलाखतीलाही दही. आईच्या हिशेबानं ही नोकरी मला दह्यानं लावली. शिक्षण आपलं सोबतीला.

नोकरीच्या पहिल्या सकाळी ती वाटी घेऊन दारात उभी राहिली आणि मी हात मागं घेतला.

"आई, न्हाई. ह्या कामाला दही चालत न्हाई."

"दही कोणच्या कामाला चालत न्हाई?"

मी समजावून सांगितलं. जंतू, टाकी, ताक, सगळं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मंग चाटून हात धू."

"धुतला तरी मनात शंका राहती."

"तुझ्या मनातली शंका दह्यामुळं हाय का?" ती म्हणाली. मी गाडीला किक मारली. चमच्यानं खातो म्हणालो, तर म्हणाली चमच्यानं खाल्लं तर ते जेवण झालं, शकुन न्हाई झाला. शेवटी मी ओरडलो. पहिल्याच दिवशी, दारात, आईवर, दह्यावरून. जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीत एक रिक्षावाला थांबून बघायला लागला.

आई म्हणाली, "बरं."

माझी आई भांडते तेव्हा काही धोका नसतो. ती "बरं" म्हणते तेव्हा सावध राहायला पाहिजे, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण मी घाईत होतो.

तीन-चार वर्षं बरी गेली. मग हा उन्हाळा आला आणि पहिली टाकी आंबली.

मी चव घेतली आणि तोंड वाकडं झालं. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर गोल गोल यीस्टच्या मधे बारीक काड्या, हजारो. दह्याच्या काड्या. सगळी टाकी ओतून द्यावी लागली, आणि ओतायलाही सरकारी परवानगी लागते. अबकारी खात्याचा माणूस येऊन गटारीशेजारी उभा राहिला, गंभीर चेहऱ्यानं, मयतीला आल्यासारखा.

आमच्या मालकांचा मूळ धंदा लोखंडी सळयांचा. बिअरमध्ये ते नवे. त्यांनी मला बोलावलं.

"साहेब, मला एक समजवा. सळईला कधी जंतू लागतो का?"

"न्हाई लागत, शेठ."

"गंज लागतो. मान्य. पण गंज दिसतो. हे तुमचं दिसत पण नाही अन् टाकी पण जाते. असा कसा धंदा?"

मी घरी आलो, जेवताना आईला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही तिथं आंबवताच ना रे? मंग आंबलं तर रडायला काय झालं?"

"आई, ते यीस्टनं आंबायला पाहिजे. हे दह्यानं आंबलं."

"दही कुठून आलं? तू तर शिवू देत न्हाईस."

"तेच तर कळत न्हाई!"

माझा आवाज चढला. तिनं माझ्या ताटात अजून अर्धी भाकरी टाकली आणि म्हणाली, "फिकीर करू नको. मी माझ्या बाजूनं जोर लावते." मला वाटलं देवाला काही बोलली असेल. आया बोलतात.

दुसरी टाकी आंबली.

आता माझं डोकं फिरलं. मी नियम काढले. कॅन्टीनमधून दही बंद. ताक बंद, मठ्ठा बंद, कढी बंद. वैशाखात, जालन्यात. डब्यातून कुणी दही आणायचं नाही. सकाळी घरी खाऊन यायचं नाही. आणि कुणी खाऊन आलंय का हे कळावं म्हणून वॉचमनला फाटकावर उभा केला, प्रत्येकाचं तोंड हुंगायला.

बाकीच्या कारखान्यांत कामगार दारू पिऊन आलाय का हे बघायला तोंड हुंगतात. आमच्या कारखान्यात कामगार ताक पिऊन आलाय का हे बघायला हुंगत होते. एका सकाळी वॉचमननं एकाला अडवलं. तो बिचारा म्हणाला, "कसम से, रात्री थोडी घेतल्ती, ताकाला शिवलो पण न्हाई." वॉचमननं पुन्हा हुंगलं आणि समाधानानं म्हणाला, "हा, दारूच हाय. जा आत." मी शेजारी उभा होतो. मला त्यात काही विचित्र वाटलं नाही. इतका मी गेलो होतो कामातून.

टाक्या धुण्याच्या कामावर आमच्याकडे एक वयस्क गृहस्थ होते. मूळचे आष्टीकडचे. सगळा कारखाना त्यांना मामा म्हणायचा, मीही. मामा शाळा फार शिकलेले नाहीत, पण टाकीत डोकं घालून नुसत्या वासावरून सांगायचे, "झडपंपाशी थोडं राह्यलंय." आणि तिथं राहिलेलंच असायचं. आमची टाकी धुण्याची रीत ठरलेली: आधी कॉस्टिक सोडा, मग आम्ल, मग शेवटचं जंतुनाशकाचं पाणी, आणि झाकण बंद. शेवटच्या पाण्यानंतर टाकी उघडायची नाही. हा नियम मोठ्या अक्षरात लिहून मीच भिंतीवर लावला होता.

आणि मीच तो रोज मोडत होतो. माझा विश्वासच बसायचा नाही. मामांनी झाकण लावलं की मी पुन्हा उघडायचो, बॅटरी घेऊन हात खांद्यापर्यंत आत घालायचो आणि कोपरा न् कोपरा बघायचो. ही बॅटरी माझी स्वतःची. जाड, काळी, मुठीला रबराच्या खाचा असलेली. कारखान्यातल्या दोन बॅटऱ्या कुणीतरी नेल्या, म्हणून ही मी रोज घरी न्यायचो आणि दाराजवळच्या खिळ्याला अडकवायचो. सकाळी जाताना घ्यायचो.

मामा एकदा म्हणाले, "सायेब, न्हाऊन-धुऊन तयार झाल्याली नवरी पुन्हा पुन्हा कशाला बघता? नजर लागंल तिला."

"मामा, तुम्ही धुवायचं काम करा. बघायचं काम माझं."

"बघा की. पण झाकण लावायच्या आधी बघा."

"मला शिकवू नका," मी म्हणालो. दहा जणांसमोर. मामा पाइप गुंडाळायला लागले.

तिसरी टाकी आंबली, आणि त्याच दिवशी मामांच्या डब्यात मला दही सापडलं. स्टीलची एवढीशी डबी. भाकरी, ठेचा, कांदा आणि दही. मी ती डबी सगळ्यांसमोर उंच धरली, चोर पकडल्यासारखी.

"हे काय हाय, मामा?"

"दही हाय."

"बंदी माहीत न्हाई का?"

"माहीत हाय सायेब. पण पोटात आग पडून राह्यली चार दिवस झाले. डाक्टर म्हणला दही खा. मी बाहेर लिंबाखाली खातो, साबणानं हात धुतो, मंग आत येतो. माझ्या हातून टाकीत काही जात न्हाई."

"तीन टाक्या गेल्या, मामा!"

"माझ्या हातानं न्हाई गेल्या."

मी त्यांना घरी बसवलं. मालकांना लिहून दिलं की टाकी धुणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळं दूषण झालं. चार ओळी, माझी सही. लिहिताना बरं वाटलं, गुन्हेगार सापडला म्हणून. मामांनी गमबूट धुऊन जागेवर ठेवले, डबी पिशवीत टाकली आणि फाटकातून जाताना एवढंच म्हणाले, "सगळ्यायचं तपासा सायेब. तुमच्या बॅटरीचं पण."

मला तो टोमणा वाटला.

मालकांनी मला पुन्हा बोलावलं. ह्या वेळी चहा नाही. "साहेब, चौथी टाकी भरा. ती चांगली निघाली तर ठीक. आंबली, तर तुमचं-आमचं नमस्ते. मी टाक्या विकतो अन् पुन्हा सळया चालू करतो."

म्हणजे माझी नोकरी चौथ्या टाकीत. जालन्यात दुसरी बिअरची फॅक्टरी मला कोण काढून देणार? आई पन्नास बायकांना सांगून बसली होती की मुलगा सत्त्व काढतो.

चौथी टाकी भरायच्या आधी मी सगळ्यांचे नमुने घेतले. ओल्या कापसाची काडी फिरवायची, ती काचेच्या बशीतल्या जेलीसारख्या खळीवर ओढायची, बशी दोन दिवस उबेच्या पेटीत ठेवायची. जे जंतू असतील ते ठिपके होऊन उगवतात. मी कामगारांचे हात घेतले, नाकं घेतली. वॉचमनच्या मिशा घेतल्या. तो म्हणाला, "सायेब, मिशा तरी सोडा, ह्या माझ्या आजोबापासून आल्यात." मालकांची पोवळ्याची अंगठी घेतली. त्यांनी ती काढली नाही, मी बोटासकट घेतली. दारांच्या कड्या, पंपाचं बटण, कॅन्टीनमधला ग्लास, भिंतीवरची माझी नियमांची पाटी. एक बशी उरली. ती हातात घेऊन मी उभा होतो, आणि मामांचं बोलणं आठवलं. चिडूनच बॅटरीच्या रबरी खाचांवरून काडी फिरवली. म्हटलं, आता होऊन जाऊ दे, मामांना दाखवायला बरं.

दोन दिवसांनी पेटी उघडली. हात बरे होते. नाकं नाकांसारखी. मिशांमध्ये काय काय निघालं ते वॉचमनच्या आजोबांनाच ठाऊक, पण दह्याचा जंतू नव्हता. अंगठी स्वच्छ. शेवटची बशी काढली आणि मला वाटलं कुणीतरी चेष्टा केली. ठिपके नव्हतेच. सगळी बशी भरून साय धरल्यासारखं पांढरं. मी झाकण थोडं उचललं आणि वास घेतला.

आमच्या घरच्या दह्याचा वास. ताज्या विरजणाचा. हा वास मी कुठंही ओळखीन.

मी स्टुलावर बसलो. बॅटरीला दही? मी तर गेली तीन-चार वर्षं दह्याच्या वाटीजवळून जाताना श्वास धरतो. बॅटरी घरी खिळ्याला असते. घरी मी आणि आई. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. एम.एस्सी. म्हणे.

बॅटरीला घरी काय होतं ते बघावं म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोरीत गेलो, पाणी सोडलं आणि दाराच्या फटीतून बघत राहिलो.

आई स्वयंपाकघरातून वाटी घेऊन आली. खिळ्यावरची बॅटरी काढली. डाव्या हातात लेकरासारखी धरली. उजव्या हाताची तीन बोटं दह्यात बुडवली आणि तिच्या मुठीवर, खाचांवरून, वरपासून खालपर्यंत ओढली. वर साखरेची चिमूट. मग पदरानं वरवर पुसलं, काच चमकवली आणि तिला म्हणाली, "जा बाई. तो हात पुढं करत न्हाई, तर तूच जा. आधी एका बोटानं भागलं, मंग दोन केली, आता तीन लावली. संभाळ त्याला. त्याची टाकी नासून राह्यली."

आणि बॅटरी पुन्हा खिळ्याला अडकवली.

मी मोरीत उभा, पाणी वाहतंय, आणि मला एकाच वेळी हसू आणि रडू येत होतं. दोन्ही दाबून धरल्यामुळं उचकी लागली. बाहेरून आई म्हणाली, "पाणी पी रे!"

आता सगळं बराबर जुळत होतं. इतकी वर्षं एका बोटाचा ठिपका, पुसला की जायचा, आणि तेव्हा आमची बिअर कडूही होती. ह्या उन्हाळ्यात कमी कडू केली आणि पहिली टाकी गेली. मी घरी सांगितलं, आईनं दोन बोटं केली. दुसरी गेली, तीन केली. टाकी नासली की दही वाढायचं आणि दही वाढलं की टाकी नासायची. मधे मी, बंद झालेलं झाकण रोज स्वतःच्या हातानं उघडून, स्वच्छता बघायला ती बॅटरी आत घालणारा. तीन टाक्यांना विरजण लावलं कुणी, तर कारखान्यात सगळ्यात स्वच्छ असलेल्या माणसानं.

आणि ज्या गोष्टीनं मला सगळ्यात जास्त लाज वाटली ती ही: आईनं दही हातावर घातलं असतं तर काही झालं नसतं. हात मी फाटकावर धुतो, आत धुतो, टाकीजवळ जाऊन पुन्हा धुतो, वर स्पिरिट लावतो. दह्याची काय बिशाद होती तिथंपर्यंत पोचायची. बॅटरी मात्र कुणी धूत नाही. तिच्यात सेल असतात.

आईला सांगू का? चार वेळा तोंड उघडलं. काय सांगणार? की आई, तुझ्या आशीर्वादानं तीन टाक्या गेल्या, आणि एक म्हातारा माणूस घरी बसला? मी नाही सांगितलं. भित्रेपणा म्हणा. मी त्याला माया म्हणतो, पण खात्री नाही.

बॅटरी मी कारखान्यात नेऊन स्पिरिटनं न्हाऊ घातली आणि कपाटात बंद केली. पण घरचा खिळा रिकामा दिसला असता तर आईनं गाडीच्या किल्लीला दही लावलं असतं, नाहीतर मी झोपेत असताना मला. म्हणून बाजारातून तशीच दुसरी काळी बॅटरी आणली आणि खिळ्याला अडकवली. ती रोज सकाळी तीन बोटं दही लावून घेऊन माझ्यासोबत निघायची. फाटकावर मी ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून वॉचमनकडे जमा करायचो. संध्याकाळी परत. वॉचमननं पहिल्या दिवशी हुंगलं आणि माझ्याकडं बघितलं.

"सायेब, हिच्या तोंडाला ताकाचा वास येतो."

"माहीत हाय. हिला आत सोडू नको."

"बराबर," तो म्हणाला आणि पिशवीला गाठ मारली. त्या कारखान्यात आता कुणाला कशाचं आश्चर्य वाटत नव्हतं.

चौथी टाकी मी स्वतः धुतली. मामा नव्हते ना. कॉस्टिक, आम्ल, शेवटचं पाणी, झाकण. झाकणावर हात ठेवून मी उभा राहिलो. उघडायची इतकी उबळ आली म्हणून सांगू, हाताला खाज सुटावी तशी. उघडलं नाही. टाकी भरली, यीस्ट सोडलं आणि वाट बघत बसलो. ते दिवस कसे काढले माझं मला माहीत. जेवण जाईना. आई म्हणायची, "खा रे, मी जोर लावून राह्यले." मी म्हणायचो, "दिसतंय."

टाकी चांगली निघाली. नुसती चांगली नाही, सुरेख. मालकांनी ग्लास उजेडात धरला, घोट घेतला आणि म्हणाले, "हे ठीक. आता मला कारण लिहून द्या. तीन गेल्या त्या का गेल्या. तो म्हातारा होता ना कारण? लिहा, फाइल बंद करू."

कागद समोर आला. लिहायचं ते आधीच लिहिलेलं होतं, खाली फक्त पुन्हा सही करायची. मी तो जुना कागद मागून घेतला आणि फाडला. नव्यावर लिहिलं की दही मी खात होतो. कामाच्या वेळी, चोरून. तोच हात बॅटरीला लागायचा आणि बॅटरी मी नियम मोडून टाकीत घालत होतो. टाकी धुणाऱ्याची कसलीही चूक नाही.

मालकांनी ते दोनदा वाचलं. "तुम्ही? दही? ज्यांनी माझ्या अंगठीला काडी लावली ते तुम्ही?"

"हो शेठ."

चौथी टाकी चांगली निघाली नसती तर मी त्याच दिवशी घरी गेलो असतो. "सळयाच बऱ्या होत्या," एवढं म्हणून त्यांनी कागद ठेवून घेतला.

मी आष्टीला गेलो. मामा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. मी म्हणालो, मामा, चूक माझी होती, चला. ते उठले नाहीत.

"बॅटरी निघाली ना?"

"हो."

"मी सांगितल्तं."

"हो, मामा."

"डबी चार माणसात वर धरली होती तुम्ही माझी," ते शेंगा फोडतच म्हणाले. "गावात आलो तर बायको म्हणली, असं काय चोरलं होतं? तुम्ही येऊन राह्यले एकटे, माफी मागून राह्यले ओट्यावर. इथं कोण ऐकून राह्यलं?"

त्यांचं खरं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाला कॅन्टीनमध्ये मी उभा राहिलो, मामा शेजारी, आणि सगळ्यांसमोर सांगितलं की दही मी खात होतो, टाक्या माझ्यामुळं गेल्या, मामांचा हात स्वच्छ आहे. क्षणभर कुणाला समजेना. मग असा हशा उठला की ताटं वाजली. वॉचमन तर बाकावर आडवा झाला. त्या दिवसापासून कॅन्टीनमध्ये दही चालू झालं, आणि पहिली वाटी आणून माझ्यासमोर ठेवली मामांनीच. "घ्या सायेब. आता चोरून नको." मी खाल्लं. काय करणार?

इथंच संपायला हवं होतं. पण मामा सरळ माणूस. कामावर परत आले म्हणून रविवारी घरच्या शेंगा घेऊन आमच्या घरी आले. मी बाहेर गेल्तो. आईनं त्यांना चहा केला आणि त्यांनी, आपलं बोलता बोलता, सगळं कौतुकानं सांगितलं. साहेबांचं मन कसं मोठं, कसं चारचौघांत कबूल केलं की दही तेच खात होते, रोज, लपून. बॅटरीचं तेवढं बोलण्यात आलं नाही.

मी घरी आलो तर आई बोलेना. ताट वाढलं, पाणी दिलं, बोलेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीची किल्ली घेतली, बॅटरीसाठी खिळ्याकडं हात नेला. बॅटरी कोरडी होती. दही नाही, साखर नाही. आई दारात उभी, हातात वाटी.

"घरचं दही हातावर घ्यायची तुला लाज वाटती," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "आईच्या हातचं दही टाकी नासवतं म्हणला. अन् तिथं जाऊन परक्याच्या हातचं चोरून खातो? इतकी वर्षं? मी येड्यासारखी त्या बॅटरीला..." तिनं वाक्य गिळलं. तिला वाटलं ती मला काहीतरी सांगून बसली.

सांगावं तर तीन टाक्या तिच्या माथी जातात. न सांगावं तर मी चोर. मी चोर राहायचं ठरवलं. त्या एका मिनिटात मला माझ्या आयुष्यात कुणावरही आला नसेल इतका राग माझ्यावर आला, आणि इतकी माया तिच्यावर.

मी किल्ली खाली ठेवली आणि उजवा हात पुढं केला.

"घाल."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग हाताकडं. डोळे पुसले, वाटी सावरली आणि कडक आवाजात म्हणाली, "आधी हात धुऊन ये."

मी गेलो, कोपरापर्यंत धुतले आणि परत येऊन हात पुढं केला.